शिंदीच्या बनात घासलेली मडकी

औशाहून पहाटेच्या गाडीनं निघाले तेव्हा माझ्या पिशवीत तिळाच्या पोळ्या होत्या, गुडघ्याला लावायचं तेल होतं आणि शाळेच्या प्रयोगशाळेतला असतो तसा एक लांब थर्मामीटर होता. थर्मामीटर नसीमनं मागवला होता. "तू सायन्सची मास्तरीण. रस कुठवर तापला ते तू बघ," असं ती फोनवर म्हणाली होती. मी तीस वर्षं मुलांना रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे कुणी असं काही सोपवलं की माझी मान आपोआप ताठ होते. ती त्या दिवशीही झाली होती आणि पुढच्या दोन दिवसांत पुरती खाली आली, म्हणूनच हे लिहायला बसले आहे.

लातूरला गाडी बदलली, नांदेडला पुन्हा बदलली. लोह्याच्या अलीकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हरभरा होता आणि मधेच कुठेतरी ज्वारीच्या ताटांवरून पाखरं हाकलणाऱ्या बायका दिसत होत्या. नांदेडच्या स्टँडवर चहा प्यायले. डी.एड.ला असताना मी आणि नसीम याच गावात एका खोलीत राहत होतो. तिला भूमिती यायची नाही, मला भाकरी यायची नाही, अशी आमची दोन वर्षं सुखात गेली. बिलोलीत उतरले तेव्हा दुपार कलली होती आणि नसीम डोक्यावर ओढणी घट्ट धरून फाटकाशी उभी होती.

"काय गं, म्हातारी झालीस!" तिनं पहिलंच वाक्य टाकलं.

"तू काय शाळेत चाललीस का?" मी म्हणाले. मग आम्ही दोघी स्टँडवर उगाच हसत उभ्या राहिलो.

रात्री जेवताना तिनं ताटलीत एक काळपट तांबूस, दाट द्रव वाढला. भाकरी बुडवून खाल्ली. उसाची काकवी आमच्या लातूरकडे घरोघर असते, पण ही वेगळी होती. गोड होतीच, शिवाय मागे धुराचा आणि खारकेचा वास रेंगाळत होता. ही शिंदीची काकवी. नसीमच्या आईनं ओढ्याकाठी राखलेलं शिंदीचं बन आईमागे नसीमच्या नावावर आलं आहे. नसीमचे यजमान गेले, नोकरी संपली, मग ती तिथं जाऊन नुसतीच बसायला लागली. कॅनडातल्या भाचीनं एकदा मेपलच्या रसाची बाटली आणली. तिकडे लोक आपापल्या रानातल्या झाडांचा रस काढतात, आटवतात, बाटल्या भरून विकतात आणि त्यावर घर चालवतात, असं भाचीनं सांगितलं. नसीमनं बाटली चाटूनपुसून संपवली आणि म्हणाली, "आपल्याकडं झाडं न्हाईत का?"

झाडं होती. अडचण युसूफभाईची होती. युसूफभाई म्हणजे नसीमचा धाकटा भाऊ. बनाभोवतीचं सगळं शेत तोच कसतो. बन सपाट करून तिथं सोयाबीन घ्यायचं त्याच्या कधीपासून मनात आहे. बहिणीच्या हट्टापुढे तो एवढंच कबूल झाला होता की हा एक हिवाळा बघू. लातूरच्या एका मिठाईवाल्यानं संक्रांतीच्या लाडवांसाठी सहा डबे काकवी मागितली होती. सहा डबे वेळेत पोचले तर बन राहील, नाही तर उन्हाळ्यात जेसीबी येईल.

"चार डबे भरलेत," नसीम म्हणाली. "उद्या संध्याकाळी नवी पाळी लागते. परवा सकाळच्या रसात दोन डबे होतील. युसूफ परवाच जीप घेऊन येणार हाय. बस, एवढंच."

ती हे हसत बोलली, पण तिनं भाकरी अर्धीच खाल्ली. मी आले होते ते तिच्या मदतीला, आणि खरं सांगायचं तर थोडं मिरवायलाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीळ-चिंचेचं आंबट कालवण, म्हणजे खट्टा, आणि खिचडी खाऊन आम्ही बनात गेलो. मी शिंदी आयुष्यभर बसच्या खिडकीतून पाहिली होती, जवळून कधी नाही. खोडाला जागोजागी खाचा पडलेल्या असतात, कारण दर वर्षी गळ्याशी एका बाजूनं साल तासतात आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या बाजूनं. झाडाचं वय त्या खाचांवरून सांगता येतं. ओढ्यात पाणी थोडंच होतं, वर पोपट ओरडत होते आणि एका झाडाच्या शेंड्याजवळ, कंबरेला दोर बांधून, एक माणूस आरामात मागे रेलून काम करत होता.

तो राजन्ना. सीमेपलीकडच्या गावचा, साठीला आलेला, अंगानं काटकुळा. त्याच्या बापानंही रसासाठी हीच झाडं छेदली होती. तो खाली उतरला, मला नमस्कार केला आणि माझ्या हातातल्या थर्मामीटरकडे बघितलं.

"ताप कुणाला आलाय, अम्मा?"

"रसाला येणार आहे," मी म्हणाले.

त्याला ते आवडलं. मग त्यानं मला सगळं समजावलं. तीन रात्री रस घ्यायचा, मग चार दिवस झाडाला विसावा. विसाव्यानंतरच्या पहिल्या रात्रीचा रस सगळ्यात जास्त आणि सगळ्यात गोड. संध्याकाळी कोयत्यानं पातळ पापुद्रा काढायचा, बांबूची नळी बसवायची, खाली मडकं टांगायचं, आणि उजाडायच्या आत उतरवून चुलवणावर चढवायचं. ऊन लागलं की रस आंबतो आणि त्याची कल्लू (झिंग आणणारी शिंदी) होते. नसीमचा परवाना फक्त गोड रसाचा होता. तो तिनं चौकट करून बनातल्या खोपीत टांगला होता. आंबलेला रस बनात ठेवायचा नाही, त्यात तसं स्पष्ट लिहिलं होतं.

एक गोष्ट मात्र त्यानं सांगितली नाही. ती इथल्या पोराटोरांनाही माहीत असते, म्हणून सांगावीशी वाटली नसेल. मीही विचारलं नाही.

दुपारी राजन्ना कोयत्याला धार लावायला गावात गेला. नसीम सरपण सांगायला गेली. मी खोपीच्या सावलीत एकटी होते. समोर लाकडी मांडवावर तीसेक मडकी पालथी घातलेली होती. एक सहज उचलून पाहिलं. आत पांढरा थर.

आता हे औशाच्या बाईला कसं सहन व्हावं? आमच्याकडे बोअरच्या पाण्यानं प्रत्येक हंड्याला, कळशीला, चहाच्या भांड्याला असा पांढरा क्षार चढतो. आमच्या आळीतल्या बायका तो चिंचेनं घासून काढण्यात अर्धा जन्म घालवतात. एवढ्या मोलाचा रस आणि असली मडकी! खोपीत भांडी घासायला ठेवलेली चिंच होती, हौद जवळच होता. मी पदर खोचला आणि तीसच्या तीस मडकी आतून लाल होईपर्यंत घासली, खळखळून धुतली आणि होती तशीच, होती त्याच रांगेत पालथी घातली. दीड-दोन तास लागले. कंबर मोडली, पण जिवाला बरं वाटलं. नसीमला चकित करायचं म्हणून बोलले मात्र नाही.

संध्याकाळी राजन्नानं मडकी दोरीला ओवून पाठीवर घेतली आणि अंधार पडायच्या आत सगळी टांगली. आम्ही खोपीतच झोपलो.

पहाटे राजन्ना झाडावरून उतरल्याच्या आवाजानं जाग आली. तो पहिलं मडकं घेऊन झाडाखाली उभा होता. त्यानं बोट बुडवून जिभेला लावलं. दुसरं मडकं उतरवलं, तेही चाखलं. तिसऱ्याचा नुसता वास घेतला. मग हौदाकडे गेला आणि तिथं जरा वेळ खाली बघत उभा राहिला. पायानं माती इकडची तिकडे केली आणि परत आला. मला वाटलं, थंडीनं पाय चोळतोय.

"काय झालं?" नसीमनं विचारलं.

"पुलुपु (आंबट)," तो म्हणाला.

नसीमनं एकामागून एक मडकं नाकाशी नेलं. सगळ्यांना तोच वास होता, वरती बारीक फेस धरला होता. तिनं एक मडकं कंदिलाशी तिरकं केलं आणि आत पाहिलं.

"चुना कुठं हाय, राजन्ना? आत चुना न्हाई!"

त्या क्षणी मला सगळं कळलं. रस रात्रभर आंबू नये म्हणून मडक्याला आतून चुन्याचा हात देतात. क्षार नव्हताच तो. चुन्याची निवळी, आम्ल आणि आम्लारी, हे सगळं मी तीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं. आणि इथं मी चुना काढून वर चिंच चोळली होती!

"मी लावला होता," राजन्ना हळूच म्हणाला.

"मग गेला कुठं? उडाला?"

तो खाली वाकून मडकी ओळीनं लावू लागला. आत्ता बोलते, नसीमचा श्वास खाली बसला की बोलते, असं मनात म्हणत राहिले. तेवढ्यात जीपचे दिवे ओढ्यापलीकडे दिसले. युसूफभाई ठरल्यापेक्षा लवकर आला होता.

त्याला काही सांगावं लागलं नाही. वासच पुरेसा होता.

"मी बोललो होतो ना आपा," तो म्हणाला. "परवाना गोड रसाचा आणि निघून राहिली कल्लू. राजन्ना, किती जणांना पाजायचा बेत होता? खरं बोल."

"युसूफ, असं नको बोलू," नसीम म्हणाली, पण तिच्या आवाजात जोर नव्हता. तिलाही शंका आली होती. मला तिच्या चेहऱ्यावर ती स्पष्ट दिसली.

राजन्नानं कंबरेचा दोर सोडला. त्याची नीट गुंडाळी केली, कोयता त्यावर ठेवला आणि दोन्ही वस्तू नसीमच्या पायापाशी जमिनीवर ठेवल्या. "बघायचं काम माझं होतं," तो म्हणाला. "मी न्हाई बघितलं. चाललो मी." आणि खरंच वळला.

वर्गात काही फुटलं की मी विचारायची, "कोणी केलं? उभं राहा." जे पोर उभं राहायचं त्याचं कौतुक करायची आणि जी खाली बघत बसायची त्यांना भित्री म्हणायची. त्या पहाटे खाली बघणारी मी होते. राजन्ना पाच-सात झाडं ओलांडून गेला, तेव्हा कुठे माझ्या तोंडून आवाज फुटला.

"मडकी मी घासली! नसीम, काल दुपारी मी घासली. मला क्षार वाटला."

नसीम माझ्याकडे वळली. युसूफभाईनं कपाळाला हात लावला. राजन्ना थांबला, पण मागे वळला नाही.

"चिंचेनं?" नसीमनं विचारलं.

"चिंचेनं."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती मटकन खाली बसली आणि म्हणाली, "सुधा, आता मी काय करू गं?" मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

सगळा रस आम्ही उजाडताना ओढ्यापलीकडच्या पडीक जमिनीत ओतला. तीस मडकी. मुंग्या लगेच आल्या. युसूफभाईनं चार डबे जीपमध्ये चढवले. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला घाई होती. तो निघताना म्हणाला, "उद्या संध्याकाळपर्यंत बाकीची काकवी लातूरला पोचली तर ठीक. मिठाईवाला त्यापुढं थांबणार न्हाई. आणि माझी जीप दुसऱ्यांदा येणार न्हाई."

"मी नेते," मी म्हणाले. "मला तसंही परत जायचंय."

त्यानं मला खालून वर बघितलं आणि गाडी चालू केली.

राजन्नाला परत आणायला नसीम स्वतः गेली. तो लांब गेला नव्हता. ओढ्याच्या दगडावर बसला होता. तिनं काय म्हटलं ते मी ऐकलं नाही. माफी मागताना तिनं ओढणीचा पदर दोन्ही हातांत धरला होता, एवढं दिसलं. तो आला, दोर उचलला आणि माझ्यासमोर चुन्याचं घमेलं ठेवलं.

"सुन्नम (चुना) तुम्ही लावा, अम्मा. तीसच्या तीस."

दुपारभर मी चुना लावला. बोटं चरचरत होती. प्रत्येक मडकं तो उन्हात धरून आत बघायचा आणि त्यातली चार त्यानं मला परत करायला लावली. थर्मामीटर खोपीत खिळ्याला लटकत राहिला. कुणी त्याचं नाव काढलं नाही.

त्या रात्री मला झोप नव्हती. दुसऱ्या रात्रीचा रस कमी येणार हे ठाऊक होतं, पण किती कमी ते झाडालाच माहीत. पहाटे पहिलं मडकं उतरलं. राजन्नानं चाखलं आणि माझ्या हातात दिलं. मी तोंडाला लावलं. गार, गोड, नारळपाण्यापेक्षा दाट. मी मान हलवली आणि तो पुढच्या झाडावर चढला.

उजाडायच्या आत रसाची मोठी पसरट काहील चुलवणावर होती. आता खरी कसोटी होती, कारण माझी गाडी अकराची होती. रसाला उकळी आली की फेस भसाभस वर येतो आणि सांभाळला नाही तर काठावरून निघून जातो. नसीम झाऱ्यानं मळी काढत होती, राजन्ना जाळ मागे-पुढे करत होता. मला फक्त वेळ सांगायचं काम दिलं होतं. आठ वाजले तरी रस पाण्यासारखाच. नऊ वाजता रंग बदलला. साडेनऊला नसीमनं थेंब ताटलीवर टाकला, तो ओघळला. "अजून." दहाला पुन्हा ओघळला. मी घड्याळाकडे बघितलं की ती खेकसायची, "बघू नको तिकडं!" सव्वादहाला तिनं दोन बोटांत थेंब धरला आणि बोटं अलगद दूर केली. मधे एक तार राहिली. ती तुटली नाही.

"ओढ जाळ!" ती ओरडली आणि राजन्नानं पेटती लाकडं भराभर बाहेर काढली.

काकवी भरली दीड डबा. म्हणजे एकूण साडेपाच. सहा नाही.

डबे कोमट होते म्हणून तोंडाला फडकं बांधलं. मी घाईघाईनं हौदावर पाय धुवायला गेले. ओल्या मातीत काहीतरी टोचलं. वाकून पाहिलं तर चिंचोके. चिंचेचा चोथाही होता, मातीत दाबून बसवलेला, वर टाचेची खूण. काल पहाटे राजन्ना इथंच उभा होता. पाय चोळत नव्हता तो.

तो मागे डबे घेऊन उभा होता. माझ्या हातातले चिंचोके त्यानं बघितले.

"तुम्हाला आधीच कळलं होतं?" मी विचारलं.

"हाव."

"मग बोलला का नाहीत? तुम्ही तर चालला होतात."

त्यानं डबा या हातातून त्या हातात घेतला. "पावण्याचं नाव कसं घ्यावं, अम्मा? तुम्ही नसीमबाजींच्या घरी जेवून राहिलात. तुमचं तुम्ही बोलला तर बरं, न्हाई बोलला तर माझ्या जिभेला न्हाई पायजे ते." मग म्हणाला, "चला, गाडी जाईल."

मी चिंचोके मुठीत धरून त्याच्या मागे निघाले.

नांदेडपर्यंत भरलेला डबा मांडीवर आणि अर्धा दोन पायांत धरून बसले. कंडक्टर म्हणाला, "मावशी, काय हाय त्यात?" मी म्हणाले, "काकवी." तो म्हणाला, "सांडली तर मुंग्यांसकट तिकीट काढीन." लोह्यानंतर गाडी पंक्चर झाली आणि पाऊण तास आम्ही रस्त्याकडेला उभे होतो. सगळे शेंगा खात होते. मी डब्यावर पदर धरून उन्हाशी भांडत होते. लातूरला पोचले तेव्हा दुकानांचे दिवे लागले होते आणि माझ्या साडीवर मांडीच्या जागी एक चिकट गोल उमटला होता.

मिठाईवाला मध्यमवयाचा, अबोल माणूस निघाला. युसूफभाईचे चार डबे मागे मांडलेले होते. त्यानं माझे दोन मोजले, अर्धा उचलून पाहिला.

"सहा सांगितले होते."

"साडेपाचच झाले," मी म्हणाले. "चूक माझी होती. झाडांची नाही आणि माणसांचीही नाही." आणि त्यानं विचारलं नसताना मी त्याला चिंचेपासून सगळं सांगितलं. या वेळी मी थांबले नाही.

त्यानं चमचाभर काकवी घेतली, मान खाली घालून बराच वेळ जिभेवर घोळवली. आतल्या कारागिराला बोलावून त्यालाही दिली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"संक्रांतीचं भागेल एवढ्यात," तो म्हणाला. "पुढची पाळी कधी लागते?"

स्टँडवर येऊन मी नसीमला फोन लावला. मिठाईवाल्याचं वाक्य शब्दाला शब्द सांगितलं. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "आत्ता युसूफला फोन करते," ती म्हणाली. "जेसीबीवाल्याला नक्को म्हण, असं सांगते." मी म्हणाले, राजन्नाला दे, मला त्याच्याशी बोलायचंय. तो झाडावर होता, तिसऱ्या रात्रीची मडकी टांगत होता. तिनं खालूनच ओरडून विचारलं आणि वरून त्याचं उत्तर मला फोनवरही ऐकू आलं.

"अम्माला म्हणावं, पुढच्या पाळीला या. मडकी लई काळी झालीत!"

औशाला पोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीनं हंडा घासायला घेतला. आत नेहमीचा पांढरा थर होता आणि माझ्या हातात चिंच. राजन्ना पाठमोरा चालत गेला होता ती पाच-सात झाडं मी मनात पुन्हा मोजली. मी पहिल्याच झाडापाशी बोलायला हवं होतं.